चांगल्या डोळ्यावरची पट्टी

निपाणीच्या दवाखान्यात माझ्यावर पहिली चप्पल उगारली गेली, ती मी माझं काम बिनचूक केलं म्हणून.

समोर स्टुलावर तीन-चार वर्षांचा मुलगा बसला होता. त्याचा डावा डोळा नाकाकडं वळलेला, उजवा अगदी झकास. मी उजव्या डोळ्यावर कापसाची घडी ठेवली, वर चिकटपट्टी लावली आणि बापाला सांगितलं, "रोज सकाळी अशीच लावायची. काही महिने." बापानं आधी मुलाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"सायेब, बिघडलाय त्यो डावा. तुम्ही उजवा बांधलाईसा."

"उजवाच बांधायचा असतो."

"तुम्हाला सवताला डोळं हाईत न्हवं?" असं म्हणत तो खाली वाकला. मला वाटलं, पिशवी उचलतोय. वर आला तो हातात चप्पल घेऊन. शिपायानं मधे पडून धरला म्हणून वाचलो. त्यानं पोराच्या गालावरची पट्टी ओरबाडून काढली, पोर कळवळलं, आणि दारातल्या रांगेला ऐकवत तो बाहेर पडला, "चांगला डोळा फोडाय लागलंय हे येडं! पोरं घिऊन घरला चला!" रांगेतल्या दोन बायका खरंच उठून गेल्या.

तो मुलगा परत कधी आला नाही. आता चांगला बाप्या झाला असेल आणि एकाच डोळ्यावर जग बघत असेल, हे मी पैजेवर सांगतो.

माझ्या हुद्द्याचं नाव कागदावर इंग्रजीत लांबलचक होतं. लोकांच्या तोंडी मी 'नंबरवाला'. बेळगावच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी लागलो ते सत्तरच्या दशकात, बी.एस्सी. करून. दर आठवड्याला बाजाराच्या वारी आमचा दवाखाना निपाणीतही भरायचा. आमच्या घरात काय, निपाणीच्या आमच्या अख्ख्या वस्तीत पदवी घेतलेला मी पहिला. आई तंबाखूच्या वखारीत पाला निवडायची, वडील तिथंच हमाल. निकाल लागला तेव्हा आईनं वखारीतल्या बायकांना गूळ वाटला, आणि मी नेमकं काय पास झालो असं कुणी विचारलं की ती ठसक्यात सांगायची, "समदंच!" त्या 'समदंच'चा मला अजून अभिमान आहे. तो मी लपवत नाही.

काम तसं साधं. डोळ्यात उजेड टाकायचा, भिंगं बदलत जायची, भिंतीवरचा तक्ता वाचून घ्यायचा. पण आमच्या सीमाभागात तक्ताही साधा नसतो. एक म्हातारा दर वर्षी यायचा. मी कन्नड अक्षरांचा तक्ता लावला की खुर्चीत ताठ बसून सांगायचा, "दिसतंय. पर वाचणार न्हाय." मराठी लावला की खालच्या ओळीपर्यंत घडाघडा. पुढच्याच खुर्चीवर त्याचा व्याही, त्याचं बरोबर उलटं. शेवटी मी दोघांनाही निरक्षरांचा तक्ता लावला. त्यात अक्षरं नसतात. तीन दातांच्या फणीसारखी खूण असते, आणि दात कुठल्या बाजूला आहेत ते बोटांनी दाखवायचं. दोघं म्हातारे तीन-तीन बोटं पसरून मुकाट उत्तरं देत बसले. लहान मुलांसाठी हाच तक्ता.

आता ती पट्टी. चांगला डोळा का बांधायचा, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीसुद्धा त्या बापासारखाच हबकलो होतो. फरक एवढाच की माझ्या पायात बूट होते.

आमचे डॉक्टर धारवाडकडचे. घरी कन्नड, आमच्याशी मराठी, चिडले की इंग्रजी. दुपारी रांग संपली की चहा घेत शिकवायचे. एकदा म्हणाले, "तू झूलॉजीवाला न्हवं का? किती बेडूक फाडलास?"

"मोजले नाहीत, सर. बेळगुंदीच्या खाचरातनं पोतं भरून यायचे."

"मग हे ऐक. माणसाची डोळ्याची नस तुटली तर संपलं. बेडकाची परत वाढते. परदेशात एकानं काय केलं, बेडकाची नस तोडली आणि डोळा खोबणीतच उलटा फिरवून ठेवला. वरची बाजू खाली, खालची वर. नस वाढली, बेडकाला दिसायला लागलं. मग त्याच्या डोक्यावर माशी धरली. काय केलं असेल त्यानं?"

"खाल्ली."

"खाली जीभ मारली. चिखल खाल्ला. माशी वर, बेडूक खाली चाटतोय. दुसऱ्या दिवशी तेच, पुढच्या महिन्यात तेच. मरेपर्यंत सुधारला नाही."

माझा चहा गार झाला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळ्यातून मेंदूकडं लाखो धागे जातात. प्रत्येक धाग्याची मेंदूत एक ठरलेली जागा असते. डोळ्याच्या वरच्या भागातला धागा इथं, खालच्यातला तिथं. गर्भात असताना मेंदूतल्या पेशी एकीकडं जन्मतात आणि वाट काढत दुसरीकडं राहायला जातात. मग त्यांचे धागे निघतात. वाढत्या धाग्याच्या टोकाला पंजासारखं काहीतरी असतं, ते चाचपडत पुढं सरकतं. वाटेतल्या काही पेशी त्याला जवळ घेतात, काही हुसकावून लावतात. रसायनाची काही खूण असावी, असं म्हणतात. त्या खुणेवर प्रत्येक धागा आपल्याच जागी पोचतो. डोळा उलटा केला तरी बेडकाचे धागे आपापल्या जुन्याच जागी जाऊन बसले. म्हणून त्याला जग उलटं.

"म्हणजे शिकून काहीच बदलत नाही?" मी विचारलं. माझा आवाज बहुतेक चढला होता. ज्याची जागा जन्मानं ठरली ती ठरली, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पाणवठ्यावर ऐकलं होतं, शाळेत ऐकलं होतं. ते खोटं आहे हे दाखवायलाच मी शिकलो होतो. आणि आता विज्ञानाचा हवाला देऊन एक बेडूक मला तेच सांगत होता.

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. त्यांना कळलं असावं. म्हणाले, "ते बेडकाचं झालं. आता मांजराच्या पिलाचं ऐक. पिलू लहान असतानाच एक पापणी शिवून ठेवली. मोठं झाल्यावर उघडली. डोळा स्वच्छ, नस चांगली. पण त्या डोळ्यानं पिलू आंधळं. धागे जन्मानं बरोबर जागी पोचले होते, पण त्यांना काम नव्हतं. मग उघड्या डोळ्याचे धागे पसरले आणि ती जागा त्यांनी घेतली. मोठ्या मांजराचा डोळा तेवढाच काळ झाकला, तर काहीसुद्धा होत नाही. सगळा खेळ बाळपणाचा. माणसाच्या पोरांना सात-आठ वर्षांपर्यंत मुदत असते. तिरळ्या पोराचा मेंदू एका डोळ्याचं ऐकतो, दुसऱ्याचं ऐकणं सोडतो. म्हणून चांगला डोळा झाकायचा. आळशी डोळ्याच्या धाग्यांना परत काम द्यायचं, मुदत आहे तोवर."

मला त्या दिवशी हायसं वाटलं. पण त्या मुदतीचा खरा अर्थ मला आईनं शिकवला.

आईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. तिला बेळगावला आणून आमच्याच दवाखान्यात ऑपरेशन केलं. ते अगदी नीट झालं. पट्टी सोडायच्या दिवशी मी समोर उभा. तिचा उजवा डोळा तळव्यानं झाकला आणि हात पुढं केला.

"आई, किती बोटं?"

"कुणाची?"

मी हसलो. ती हसली नाही.

"उजेड दिसतूया," ती म्हणाली. "तू कुठं हाईस?"

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो.

त्या काळी मोतीबिंदू काढल्यावर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागायचा, साधारण दहा नंबरचा. मी उजेड टाकून नंबर काढला आणि परत एकदा काढून बघितला. नंबर दहाच्या कितीतरी वर होता. म्हणजे हा डोळा मोतीबिंदूच्याही आधीपासून, जन्मापासूनच कमजोर. एवढा नंबर असलेल्या डोळ्याला लहानपणी चष्मा मिळाला नाही, तर मेंदू त्याचं ऐकणं सोडून देतो. मी भिंगं घातली. दोनदा, तीनदा बदलली. काहीच फरक नाही. डॉक्टरांनी आत बघितलं, पडदा स्वच्छ, नस स्वच्छ. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "हा डोळा हिनं कधी वापरलेलाच नाही."

ही बाई परकरात होती तेव्हापासून वखारीत पाला निवडत होती. काडी वेगळी, पान वेगळं, काळं वेगळं, पिवळं वेगळं. तिनं ते सगळं एका डोळ्यावर केलं, आणि तिला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. दुसरा डोळा उघडा असताना कुणाला कळणार? आणि नंतर मोतीबिंदूनं तर पडदाच टाकला होता.

"डोळा साफ केला म्हंतायसा, मग दिसंना का?" आई विचारत होती.

मला एकदम तिचीच एक गोष्ट आठवली. वखारीत प्रत्येक बाईची बसायची जागा ठरलेली असते. आईची जागा खिडकीपाशी होती, उजेडाची आणि वाऱ्याची. माझ्या वेळच्या बाळंतपणाला ती घरी बसली. परत गेली तर शेजारणीची पाटी तिच्या जागेवर पसरली होती. मुकादम म्हणाला, "जागा मोकळी ऱ्हात न्हाय, आक्का." तिला चाळणीपाशी बसवलं, धुरळ्यात. तिचा खोकला तेव्हापासूनचा.

"आई, तुझ्या खिडकीच्या जागेचं झालं ना, तसंच झालंय," मी म्हणालो. "डोळ्याला मेंदूत बसायला जागा असते. हा डोळा लहानपणी कामावर गेलाच नाही. ती जागा दुसऱ्या डोळ्यानं घेतली."

तिनं एकेक डोळा तळव्यानं झाकून बघितला. मग म्हणाली, "आणि आता गेला तर?"

"आता मुकादम घेत नाही."

निपाणीला परत गेल्यावर आईनं काय करावं? ज्याचं त्याचं पोर धरायचं, त्याचा एक डोळा तळव्यानं झाकायचा आणि विचारायचं, "सांग, माझ्या हातात काय हाय?" मग दुसरा झाकायचा. वस्तीतली पोरं तिला बघून पळायला लागली. बायका म्हणायच्या, "म्हातारी ऑपरेशनपास्नं बिघडलीया." आईनं सोडलं नाही. आणि एके दिवशी बाजाराच्या वारी, मी निपाणीच्या दवाखान्यात असताना, ती एका बाईला दंडाला धरून घेऊन आली.

बाईचं नाव तानाक्का. पूर्वी वखारीत आईच्या शेजारी बसणारी. कडेवर पाच वर्षांची सुमी, डावा डोळा वळलेला.

"उजवा झाकला की ही रडतीया," आईनं मला जणू रिपोर्ट दिला. "डावा झाकला की हसतीया. बघ तुझं तू."

बघितलं. डावा डोळा निकामी नव्हता, आळशी होता. मुदत होती, पण फार नाही. चष्मा दिला, उजव्या डोळ्यावर पट्टी लावली, तानाक्काला तिच्या हातानं लावायला लावली, दोनदा वदवून घेतलं. चिकटपट्टीनं सुमीचा गाल लाल झाला, तर तानाक्का म्हणाली, "मी कापडाची शिवू का? चष्म्यात बसंल अशी?" मला बाई भलती हुशार वाटली. म्हटलं, शिवा. महिन्यानं दाखवायला आणा.

महिन्यानं आली नाही. तंबाखूचा हंगाम लागला होता, रोज बुडवून कोण येतंय! आई तेव्हा माझ्याकडं बेळगावला होती, म्हणून मी निरोप पाठवले. "पट्टी रोज बांधतीया, एक दीस चुकली न्हाय," असा उलट निरोप आला. मी निर्धास्त राहिलो.

हंगाम सरल्यावर तानाक्का आली. सुमीला न्हाऊमाखू घालून, वेणीत अबोली माळून आणलेली. चष्म्याच्या आत कापडाची सुबक पट्टी, सुमीच्या झग्याच्याच कापडाची, कडेनं बारीक टीप घातलेली. तानाक्कानं पिशवीतून आणखी पट्ट्या काढून टेबलावर मांडल्या. एक लुगड्याच्या काठाची, एक निळी, एक ठिपक्यांची. सगळ्या धुऊन, घडी करून.

पट्टी डाव्या डोळ्यावर होती.

मी आधी स्वतःच्या हाताकडं बघितलं, डावा कुठला, उजवा कुठला. शिपाई म्हणाला, "सर, पाणी देऊ काय?"

"तानाक्का, ही… ही कधीपासून या डोळ्यावर?"

"पयल्या आठवड्यापास्नं." ती खुशीत होती. "तुमचं ऐकून आधी उजवाच बांधला हुता, अण्णा. पोरगी उंबऱ्याला थटून पडली, कपाळ फुटलं. गल्लीतल्या बाया म्हनाल्या, आई हाईस का वैरीण? सासू म्हनली, दुखरा पाय बांधत्यात का चांगला? मग मला पटलं. दमल्याला डोळा हाय, इसावा घेऊ दे. आणि झाकला की तिरपा दिसत बी न्हाय."

एक दिवस चुकली नव्हती. ज्या डोळ्याला काम द्यायचं, त्याला तिनं मायेनं अख्खा हंगाम अंधारात ठेवलं होतं. मी डावा डोळा तपासला. पहिल्या वेळी सुमीनं वरच्या दोन ओळी बोटांनी दाखवल्या होत्या. आता सगळ्यात वरच्या एकट्या मोठ्या खुणेला तिनं विचारलं, "कुठं हाय?"

तानाक्काचा चेहरा उतरला. "का ओ? वाढलं व्हय?"

मला ओरडायचं होतं. पण टेबलावरच्या त्या पट्ट्या बघून ओरडणार कुणावर? त्या चप्पलवाल्या बापाला मी फक्त 'उजवाच बांधायचा असतो' म्हणालो होतो. ते आता चालणार नव्हतं. आणि तेव्हा पुन्हा आईची खिडकी आठवली.

"तानाक्का, तुमची वखारीतली जागा कुठली?"

"दुसऱ्या खांबापाशी. का?"

"चार महिने कामावर गेला नाहीत तर?"

"तर काय! ती शेजारची गंगी टपलेलीच हाय. पाटी सरकवती, मग आख्खी पसरती."

"सुमीच्या डाव्या डोळ्याची जागा मेंदूत आहे. जन्मताना मिळालेली आहे. पण तो कामावर जात नाही. उजवा डोळा म्हणजे गंगी. तुम्ही इतके दिवस डाव्याला घरी बसवलं आणि गंगीला मोकळं रान दिलं."

तिनं सुमीचं डोकं पोटाशी धरलं. "म्हंजी माझ्या पोरीची जागा… मीच घालवली?"

"अजून पुरती गेली नाही. पण तुम्ही पट्टी फिरवा. गंगीला घरी बसवा."

"किती दीस?"

"मी सांगेन तोवर. दर महिन्याला दाखवायचं, हंगाम असो नसो. गंगीलाही फार दिवस उपाशी ठेवून चालत नाही, तिचीही जागा जाईल."

तिनं तिथंच पट्टी काढली आणि उजव्या बाजूला बसवली. सुमीनं जो आकांत मांडला! तानाक्काच्या मानेला गच्च मिठी मारून, जणू कुणी विहिरीत ढकलतंय. तानाक्का रडत होती, पण पट्टीवरचा हात तिनं काढला नाही. बाहेर जाताना रांगेतल्या बाईनं हटकलं, "अगं, चांगला डोळा बांधलास की!" तानाक्का नाक ओढत तिला म्हणाली, "गप गं. गंगीला घरात बसवलंय."

पुढचे महिने सोपे नव्हते. सुमी भिंत धरून चालायची, पट्टी काढून शेणात लपवायची. तानाक्का वखारीत गेली की माझी आई, ऑपरेशनपासून घरीच असलेली, तिला सांभाळायची. सुपात तांदूळ पसरून खडे वेचायला लावायची, ओट्यावर बसून सागरगोटे खेळायची. दोघींचा मिळून एकच चांगला डोळा, तोही आईचा, कारण सुमीचा बांधलेला. आई जिंकली की सुमी चिडायची आणि खाली वाकून आणखी जवळून बघायची. दर महिन्याला मी तक्ता लावायचो. एक ओळ. काही महिने तीच ओळ. माझी झोप उडाली. उशीर झालाय, असं मी तानाक्काला सांगायचं ठरवलं होतं, त्याच महिन्यात दुसरी ओळ आली. मग तिसरी.

आळशी डोळ्याचं सगळं परत मिळतंच असं नाही. चप्पल उगारणाऱ्याच्या पोराला काहीच मिळालं नसेल. मी त्याला समजेल असं सांगू शकलो असतो का, हे मी अजून स्वतःला विचारतो. सुमीला शेवटच्या ओळीपर्यंत जाता आलं नाही. डोळा थोडा तिरपाही राहिला. पण त्या बाजूच्या खिडकीत आता कुणीतरी बसलं होतं.

पट्टी कायमची सुटली त्या वर्षी मी एकदा निपाणीच्या घरी गेलो. ओट्यावर आई आणि सुमी. आईच्या हातात सुई आणि दोरा. तिनं तळवा सुमीच्या उजव्या डोळ्यावर ठेवला.

"सांग, माझ्या हातात काय हाय?"

"सुई. दोरा घातल्याला न्हाय."

"मग घाल की."

सुमीनं दोरा ओला केला. एकदा चुकला, दोनदा चुकला. सुई बाजूला गेली, दोरा हवेत. मग एकदम दोरा पलीकडून बाहेर आला. आईला ते दिसलं नव्हतं. तिनं बोटांनी सुई चाचपली, दोऱ्याचं टोक हाताला लागलं, आणि ती दोरा मागंपुढं ओढत राहिली.

"आरं," ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझ्या त्या जागंवर कोण बसलंय म्हनालतास?"

"तुझाच उजवा डोळा."

"बसू दे मग. परका न्हाय." तिनं सुई सुमीच्या हातात परत दिली. "हिची तेवढी सोडू नगा."